‘वाजवी’ हा शब्द कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या शालेय पुरवणीतला मूलभूत हक्कांवरचा लेख वाचला. हा विषय मुलांसाठी घेतलात याचे मनापासून स्वागत आहे. पण अनुच्छेद 19 ची बोळवण एका वाक्यात झाली : ‘बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, मात्र त्यावर निर्बंध आहेत.’ यातला ‘वाजवी’ हा शब्द गळाला आणि त्याबरोबर अर्धा अनुच्छेद गेला. चूक छोटी वाटेल, पण वर्गावर्गांत नेमकी हीच होते, म्हणून लिहीत आहे.

बोलण्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतो, हे 19(2) सांगतो. 1950 मध्ये लागू झालेल्या मूळ 19(2) मध्ये ‘वाजवी’ हा शब्द नव्हता. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधाला चिथावणी ही कारणे वाढवली. त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ही आणला. घातलेला निर्बंध प्रमाणात आहे की नाही, हे न्यायालय तपासते ते या शब्दाच्या बळावर. म्हणजे तो बोलणाऱ्याला बांधत नाही, निर्बंध घालणाऱ्याला बांधतो. मुलांना नेमके याच्या उलट शिकवले जाते. ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे’ हे वाक्य फळ्यावर येते, ‘निर्बंध का आवश्यक आहेत?’ असा प्रश्न येतो आणि मुले चार कारणे पाठ करतात. ‘निर्बंध केव्हा चुकीचा ठरतो?’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. निम्मा विषय शिकवायचा राहून जातो तो इथेच.

शिकवायची रीत अवघड नाही. एका कागदावर डावीकडे 19(1) मधला भाषण-अभिव्यक्तीचा उपखंड आणि उजवीकडे 19(2) मधली आठही कारणे छापावीत : सार्वभौमत्व व एकात्मता (हे 1963 मध्ये आले), राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक प्रसंग द्यावा आणि तीनच प्रश्न विचारावेत, तेही याच क्रमाने. निर्बंध कोणत्या कायद्याने घातला? तो आठांपैकी कोणत्या कारणात बसतो? तो वाजवी आहे का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर पुढे जायची गरज नाही. ‘कुणाला तरी राग आला’, ‘मोठ्यांना उलटून बोलला’ ही कारणे यादीत शोधायला लावावीत. ती सापडत नाहीत, हे मुलांनी स्वतः पाहिले की विषय डोक्यात बसतो. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही सांगितले की ही यादी परिपूर्ण आहे, तिच्याबाहेरचे कारण जोडता येणार नाही.

हा तास फसतो तो बहुधा ‘हे बोलणे योग्य की अयोग्य?’ या प्रश्नाने. मग मुले शिष्टाचारावर मत देतात, कायदा बाजूला राहतो. उद्धट बोलणे वाईट असू शकते. म्हणून ते बेकायदा ठरत नाही. पहिल्याच तासाला चालू राजकारणातला वाद घेऊ नये, नाहीतर घरोघरची मते वर्गात भांडू लागतात. आणि हा हक्क अठराव्या वर्षी मिळतो, असा बहुतेकांचा समज असतो. 18 ही मतदानाची अट आहे. अनुच्छेद 19 ‘सर्व नागरिकांना’ म्हणतो, वय सांगत नाही.

उदाहरण म्हणून शाळेतलेच, निकाल लागलेले प्रकरण घ्यावे. केरळमध्ये जुलै 1985 मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढले. दहावी, नववी आणि पाचवीतली ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. उच्च न्यायालयात ती हरली. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. आता तीन प्रश्न लावा. शाळेच्या बाजूने काय होते? शिक्षण खात्याची परिपत्रके. ती कायदा नव्हेत. 1971 चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा? तो राष्ट्रगीत गाऊ न देणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा देतो. गप्प उभे राहणे त्यात बसत नाही. पहिल्याच प्रश्नावर प्रकरण निकाली निघते. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो, हे या एका निकालातून सातवीच्या मुलालाही कळते. मुलांच्या लेखात हे प्रकरण नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

नववी-दहावीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 24 मार्च 2015 चा निकाल आहे. ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणाऱ्याला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ त्यात रद्द झाले. चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू उचलून धरणे) आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने मांडल्या आणि निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर येतो असे सांगितले. एकाच विषयावरची तीन वाक्ये देऊन कोणते कुठल्या पायरीवर, हे मुलांकडून ठरवून घ्यावे. वाद दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मध्येच होतो आणि तो व्हायला हवा.

शाळेतले भित्तिपत्रक ही तर तयार प्रयोगशाळा आहे. मजकूर नाकारला तर कारण लेखी द्यायचे, एवढा एक नियम पुरे. शिक्षणहक्क कायदा, 2009 च्या कलम 29 मध्येच मुलाला भयमुक्त करणे आणि मते मोकळेपणाने मांडायला मदत करणे हे सांगितलेले आहे. वेगळी परवानगी कशाला हवी?

आणखी एक. लेखाच्या चौकटीत मूलभूत कर्तव्ये हक्कांच्या वर छापली आणि ‘कर्तव्ये पाळणाऱ्यालाच हक्क’ असे लिहिले. असे संविधानात कुठेही नाही. कर्तव्ये 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली, हक्क पहिल्या दिवसापासून आहेत. अनुच्छेदाचा क्रमांकही ‘51अ’ छापला आहे; मराठी संविधानात आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकात तो ‘51क’ आहे. मुले ही चौकट कापून वहीत चिकटवतात. तेव्हा दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, त्याच जागी आणि त्याच आकारात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक