जहाजाला पतंग लावून पाहा ना साहेब!

मा. केंद्रीय बंदरे व जहाजवाहतूक मंत्री, नवी दिल्ली

साहेब नमस्कार,

आमचा तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती. नावात दर्या आहे, खारपाणपट्टा असल्यानं विहिरीत खारं पाणीबी आहे, फक्त समुद्र तेवढा नाही. जहाज मी मोबाईलवरच पाहिलं, हसू नका.

पण डीएपी खत बरंचसं जहाजातूनच येते ना. पन्नास किलोची बॅग मला 1350 ला पडते, वरचे पैसे सरकार सबसिडीत भरते, त्यात समुद्राचं भाडं आलं अन् भाड्यात जहाजाचं तेल. म्हणजे तेल वाचलं तर पैसा तुमचाच वाचते.

2008 मध्ये जर्मनीच्या स्कायसेल्स कंपनीनं बेलुगा नावाच्या मालवाहू जहाजाला 160 चौरस मीटरचा पतंग बांधून व्हेनेझुएलापर्यंत नेलं. इंजिन चालूच, पतंग मदतीला. आता पतंग काय ओढणार म्हणाल तर संक्रांतीत आमच्या पोट्ट्यांना विचारा, एका जागी थांबलेला पतंग ढिला असते पण गोता मारला की मांजा बोट कापते! तिथंबी कॉम्प्युटर त्याला आडव्या आठासारखा फिरवत ठेवते, कारण हवा कापायचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, अन् शंभर ते तीनशे मीटर वर वाराही जोरात.

ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक मास्तरनं तर 1826 मध्येच पतंगानं ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं, घोडाच नाही म्हणून टोल लागत नव्हता म्हणे (हे रस्तेवाल्या मंत्र्यांना सांगू नका, ते आमच्याच विदर्भातले आहेत).

वारा समोरून आला की पतंग बेकार, अन् खवळलेल्या पाण्यात तो सोडणं-उतरवणं सोपं नाही, हे मान्य. पण जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर नैऋत्येचा वारा वाहते, सौदीहून खत घेऊन गुजरातकडे येणाऱ्या जहाजाला तो मागून-बाजूनं लागते. तोच वारा आमच्याकडे पाऊस आणते अन् तेव्हाच आम्ही खताच्या लाईनीत उभे असतो.

म्हणून शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका जहाजावर एक पावसाळा लावून पाहा, पतंग असताना तेल किती अन् नसताना किती हे जाहीर करा. नाही परवडलं तर तसं सांगा, राग नाही. नवीन वाण आम्हीबी आधी चार ओळीच पेरून पाहतो.

तुमचा,
दर्यापूरचा एक कपाशीवाला

ता. क. दोर नायलॉन मांजाचा नको, त्यावर बंदी आहे.