बदलापूरला घर घ्यायचं का?

संपादक महोदय,

सध्या जो तो बदलापूरला फ्लॅट बघतोय, आमच्या घरीही तेच चाललंय, मुलगी तीन वर्षांची, दोघंही नोकरीला, आणि ठाण्यातल्या भाड्याच्या वन आरकेत आता श्वास घ्यायला जागा नाही. चार रविवार जाऊन आलो. हवा मस्त, मागे डोंगर, उल्हास नदी, बारवीचं धरण जवळ, पोरगी तर परत यायला तयारच नव्हती!

पण रविवारचं बदलापूर आणि सोमवारचं बदलापूर वेगळं. मी मुद्दाम एका सोमवारी सकाळी स्टेशनवर उभा राहिलो तर पहिली लोकल सोडावीच लागली, आत शिरताच येईना. सीएसएमटीपर्यंत दीड तास धरा, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, मग पोरीला पाळणाघरातून आणणार कोण आणि कधी? आजी-आजोबा गावाला. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होतेय म्हणतात, होईल तेव्हा होईल.

अजून एक, ब्रोकर पावसाचं नावच काढत नाही. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली होती, हजारभर प्रवासी होते, तरी "इथे पाणी येत नाही साहेब" हे ठरलेलंच. आम्ही मग बिल्डिंगखालच्या वाण्याला विचारलं, त्याने भिंतीवर कमरेएवढी खूण दाखवली.

तो फ्लॅट कॅन्सल. पूर्वेला, नदीपासून लांब बघतोय. तिथे राहणाऱ्या, लहान मुलं असलेल्या वाचकांनी पाळणाघरांबद्दल जरूर लिहावं.

– एक वाचक, ठाणे