फोटो लॅबमधल्या ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. सांगली-मिरजेतल्या लग्नवाल्या फोटोग्राफरांना कोण ते कळेलच. बाकीच्यांना कळून करायचंय काय?

एंट्री गेली. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या प्रोफेशनल गटात, मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरची माझी दहा फोटोंची मालिका. निकाल लागायचा तो लागेल. पण निकाल लागल्यावर आभार मानले की ते निकालाचे होतात, माणसाचे राहत नाहीत. म्हणून आत्ताच लिहून टाकतोय.

आधी थोडं मनातलं ओकून घेतो, नाहीतर पुढं नीट लिहिता येणार नाही. एका साहेबांनी ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा मार्गदर्शन’ म्हणून चांगली घसघशीत फी घेतली, अर्धा दिवस स्वतःची मेडलं दाखवली आणि शेवटी यादी हातात दिली. त्यात सगळ्या अशा स्पर्धा, जिथं फोटोमागं पैसे भरा आणि सर्टिफिकेट घरपोच घ्या. सोनीच्या स्पर्धेला प्रवेश फुकट असतो, हे त्या अर्ध्या दिवसात त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. दुसऱ्या एका ज्येष्ठांनी माझे फोटो मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत बघितले, तेही दुसऱ्या फोनवर बोलता बोलता. म्हणाले, “छान आहेत. पण आपण लग्नवाले. तिकडं वशिला लागतो.” असो. ज्यांना पोचायचं त्यांना पोचलं असेल.

माझी खरी अडचण ह्यांच्यापैकी कुणी विचारलीच नव्हती. ओपन गटात एक सुटा फोटो चालतो. प्रोफेशनलला एकाच विषयावरचे पाच ते दहा लागतात, आणि ते एकमेकांना धरून असावे लागतात. अल्बमला चारशे फोटो लावायची सवय असलेल्या माणसाला दहाच निवड म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसवून एकच घास घे म्हणण्यासारखं. माझ्याकडं सगळंच होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले आणि आढ्याला टांगलेले भोपळे, तुणीच्या लाकडाचा भुसा, लाखेची नक्षी, आणि जवारी काढणारे, म्हणजे तारेचा नाद घुमता करणारे, ते आजोबा. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यावर गल्लीत कॅमेऱ्यांची जत्रा भरली. मी त्याच्या आधीपासून तिथं पडीक होतो, म्हणून तर निवडणं आणखी अवघड.

तुमच्याकडं पेनड्राइव्ह दिला तो फक्त रंग बघायला. लग्नसराई, काउंटरवर गर्दी, तुमच्या मागं अल्बमांचा ढीग. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही न बोलता एक पाकीट पुढं सरकवलंत. आत सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रिंट. रोल संपताना जो कागद उरतो, त्यावर काढलेल्या. प्रत्येकीच्या मागं एक आकडा आणि एक शब्द, पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं: भोपळा. भुसा. जवारी. एकीवर ‘आजोबांचा अंगठा’.

पेन नव्हतं का, असं मी चेष्टेत विचारलं. तुम्ही म्हणालात, “पेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो.”

ताई, त्या प्रिंट कुठंच जाणार नव्हत्या. टेबलावर मांडायच्या, सरकवायच्या, नंतर टाकून द्यायच्या. कुणी परीक्षक त्या बघणार नव्हता. तरी वळ उठू नये म्हणून तुम्ही पेन्सिल शोधलीत. माझ्या कामाला एवढं जपून हात लावणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मेडलवाल्या साहेबांच्या अर्ध्या दिवसापेक्षा ते एक वाक्य मला जास्त शिकवून गेलं.

मग शटर अर्धं ओढून तुम्ही कटिंगच्या टेबलावर सगळं मांडलंत. माझा सगळ्यात लाडका फोटो, खिडकीतनं उन्हाचा पट्टा आलेला, ज्याला लाइकचा पाऊस पडला होता, तो तुम्ही उचललात आणि पालथा घातलात. “हा एकटाच चांगलाय. ह्याला शेजार चालत नाही.” मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. पण तो गेल्यावर उरलेले एकमेकांशी बोलायला लागले, हे दिसत होतं. त्याच्या जागी अंगठा आला. नखाच्या कडेला तारेनं पडलेली काळी खाच, आणि कोपऱ्यात मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर. वायर काढून टाकू, म्हटलं. दिवसभर लोकांच्या लग्नातल्या वायरी, ताटं आणि मधे आलेले मामा पुसणाऱ्या तुम्ही म्हणालात, “लग्नातली काढते मी. ही राहू दे. तिथं आहे ना ती?” २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेत मूळ फाइल तपासल्यावर शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो असल्याच कारणांनी बाद झाले होते, हे मला घरी जाताना आठवलं. तुम्हाला ते ठाऊकही नसेल. गरज काय होती?

तसा हा स्वभाव गावानं आधी बघितलाय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, हरभट रोड, मारुती रोड पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर लोक चिखलातले अल्बम घेऊन तुमच्याकडं आले. तुमचं स्वतःचं मशीन बंद पडलेलं, आणि तुम्ही बादलीत स्वच्छ पाणी घेऊन चिकटलेले फोटो एकेक सोडवत, दोरीवर वाळत घालत बसलेल्या. कुणाकडनं रुपया घेतला नाहीत. अशी माणसं प्रत्येक पेठेत एखाद-दुसरी असतात आणि त्यांच्याकडं मेडलं नसतात. सत्कार मात्र आपण व्यासपीठावरच्यांचेच करत राहतो. शाली तरी किती साठवणार ते?

बरं, कामाचं. पुढची मालिका हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवर, चालू केलीय. थोडीच उरलीत, घाई करायला हवी. फोटो घेऊन येईन तेव्हा उरलेल्या कागदाचं चालणार नाही, नवा रोल लावा आणि बिल फाडा. गेल्या वेळचेही पैसे त्यात धरा. पेन्सिल मी आणतो.

तुमचा,
विश्रामबागचा लग्नवाला