क्रियापद ऐकू आलं पाहिजे

सिडको, एन-७,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्री

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. टीव्ही चालू, बाबा शेजारी बसलेले, आणि मनातलं मला फोनवर धड बोलता येत नाही. म्हणून लिहायला बसले. तू म्हणालीस, “आई, मी परीक्षणं लिहिणं सोडून देते. लोक महिनोन्‌महिने राबून नाटक उभं करतात आणि मी दोन तास खुर्चीत बसून त्यातल्या खोटा काढते. निर्माता ओरडला त्याचं काही नाही गं, पण बरोबर शिकलेल्या मैत्रिणीनं बोलणं टाकलं.” रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. मी बावीस वर्षांची असताना राज्य नाट्य स्पर्धेच्या औरंगाबाद केंद्रावर आमच्या हौशी संस्थेचं नाटक होतं. मला थोरल्या बहिणीचं काम होतं. शाळेतली नवी नोकरी सांभाळून दीड महिना तालमी केल्या. आजोबांना हे पसंत नव्हतं, तरी आजीनं ट्रंकेतली तिची इरकल काढून दिली नेसायला. स्पर्धेच्या दिवसांत रात्री प्रयोग झाला की एक-दोन दिवसांत इथल्या पेपरात परीक्षण यायचं. एक प्राध्यापक लिहायचे. सगळ्या संस्था त्यांच्यावर चिडून असायच्या आणि पेपर आला की आधी त्यांचंच वाचायच्या. माझ्याबद्दल त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. भूमिकेची समज आहे, पण वाक्य संपता संपता आवाज पडतो, त्यामुळे मागच्या रांगांना क्रियापद ऐकू येत नाही.

मी तो पेपर बंबात घातला. आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाही. मग एक दिवस शेजारच्या मावशी नळावर भेटल्या. त्यांनी बाल्कनीचं तिकीट काढून नाटक पाहिलं होतं. म्हणाल्या, “छान दिसत होतीस माय. पण तो आला म्हणलीस का आला नाही म्हणलीस, तेच कळालं नाही बघ.”

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. सगळं वाक्य ऐकलं आणि तेवढं निसटलं, तर माणूस आला की गेला, मेला की वाचला, काहीच हाती लागत नाही. मावशींना नाटकाचा शेवट कळला नव्हता. मी विषय काढला नसता तर त्या बोलल्याही नसत्या. तिकिटाचे पैसे स्वतःचे देऊनही त्यांना वाटत होतं की आपल्यालाच कमी ऐकू येत असेल, आपल्याला नाटकातलं काय कळतं. त्यांच्या मनातलं त्या प्राध्यापकांनी छापलं होतं, आणि मी ते जाळलं होतं. पुढच्या वर्षीच्या तालमींत आमच्या दिग्दर्शकांनी मला रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं, स्वतः शेवटच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि ऐकू येईना की नुसता हात वर करायचे. नाटक लग्नानंतर सुटलं. पण तीस वर्षं शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोरांपर्यंत माझा आवाज पोचला तो त्या दोन ओळींमुळे. ते प्राध्यापक आता नाहीत. त्यांना भेटून हे सांगायचं राहून गेलं, आणि ते मला आजही लागतं.

तू आहेस ते शहर तर केवढं मोठं. एका रविवारी तिथे किती नाट्यगृहांत पडदा वर जातो. जाहिरातीत प्रत्येक नाटक तुफान, प्रत्येक प्रयोग हाउसफुल्ल. डोंबिवलीहून चार माणसांचं कुटुंब निघालं तर तिकिटं, लोकल, रिक्षा, मध्यंतरातले बटाटेवडे मिळून महिन्याच्या खर्चातला मोठा घास जातो. त्यांना खरं कोण सांगणार? निर्माता सांगणार नाही, नटाच्या मित्राला सांगता येणार नाही. तुमच्या मुंबईत माधव मनोहर नावाचे नाट्यसमीक्षक होते. एखादं नाटक परकीय नाटकावरून उचललेलं असलं की मूळ कुठलं ते ओळखून छापून मोकळे व्हायचे. नाटकवाल्यांना राग येत असणार. पण त्यामुळे मराठी प्रेक्षकाला आपण काय पाहतो आहोत ते कळत होतं.

निर्माता तुझ्यावर ओरडला तो दुसऱ्या अंकाबद्दल लिहिल्यामुळे नव्हे, असं मला वाटतं. “नाटकाचं लिही, संडासाचं काय लिहितेस?” हे त्याचं वाक्य तू सांगितलंस. तुझा तो परिच्छेद मी तीनदा वाचला. बायकांच्या बाजूला दोनच संडास, एकाला कडी नाही, मध्यंतर दहा मिनिटांचं आणि रांग जिन्यापर्यंत. ऋतू, तुझ्या सगळ्या लेखात मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. मराठी नाटक जगवलं कुणी? दुपारच्या प्रयोगाला येणाऱ्या बायकांनी, पेन्शनीतून तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी. इथे संध्याकाळी नाटकाला जायचं तर मी चार वाजल्यापासून पाणी पीत नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणी असंच करतात. आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, आणि कुठल्याच परीक्षणात मी ते कधी वाचलं नव्हतं. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यांवर रकाने भरले जातात, आणि तिसरा अंक चालू असताना निम्मा बायकांचा हॉल अवघडून बसलेला असतो, ते नाटकाबाहेरचं कसं? तू ते लिहिलंस. मला फार बरं वाटलं.

लिहून काय होतं, असं तू विचारलंस. आपल्या घराचंच बघ. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेचा विकास आराखडा आला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या वास्तुरचना-स्थापत्यातल्या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात त्याच्यावर टीका केली. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी, कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, त्यामुळे रोज सकाळी सगळं शहर एकाच दिशेला धावतं आणि संध्याकाळी उलटं. याच रेषेवर भर घालत गेलात तर लोकांचा जीव जाईल, त्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असं त्यांनी नकाशे काढून मांडलं. नुसती खोट काढून ते थांबले नाहीत. १९७० मध्ये सरकारनं नवी शहरं वसवायला सिडको हे महामंडळ स्थापन केलं, नवी मुंबई उभी राहू लागली, आणि पुढे त्याच सिडकोनं आपल्या औरंगाबादेत नवी वसाहत बांधली. एन-१, एन-२ करत आपल्या एन-७ पर्यंत. तू ज्या ओट्यावर बसून अभ्यास केलास तो त्या साखळीतला एक दुवा आहे. त्या तिघांचं सगळं ऐकलं गेलं असंही नाही. मंत्रालय आजही दक्षिण टोकालाच आहे, आणि तू रोज लोकलला लोंबकळत त्याच दिशेला जातेस. तरी अर्धं ऐकलं तेवढ्यानं लाखो लोकांना घर मिळालं.

आणि ऐकलंच नाही की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०१८ चा फेब्रुवारी तुला आठवत असेल, तू तेव्हा होस्टेलवर होतीस पण सुट्टीत आली होतीस. नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. सगळ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या उशाशी पडत होता, ते सांगत होते, अर्ज करत होते. गाड्या अडल्यावर चार दिवसांत आपल्या कोपऱ्यावर ढीग झाला. तू नाकाला ओढणी लावून दूध आणायला जायचीस. मार्चमध्ये कचरा मिटमिट्याला न्यायला लागले तर तिथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. मी इतकी वर्षं इथे राहिले, मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, पण नारेगावचा डेपो एकदाही जाऊन पाहिला नव्हता. मला त्याची लाज वाटते. त्या लोकांची तक्रार कुणीतरी नेटानं, पुन्हा पुन्हा, नावानिशी आणि टनांच्या हिशेबानिशी आमच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवायला हवी होती. नाटकावर लिहिणारा एक आणि कचऱ्यावर लिहिणारा दुसरा, असं मला वाटत नाही. दोघांनाही मागच्या रांगेत जाऊन बसावं लागतं.

मागची रांग सोड, हॉलमध्ये ज्याला घेतलंच नाही त्याचं काय? १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी पत्रानं नकार कळवला. जे लोक माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचं जमणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. मराठीतली सगळ्यात रोखठोक समीक्षा मी त्या पत्राला म्हणेन, कारण त्यांनी मोजायची काठीच बदलायला सांगितली. आपल्या गावात गंगाधर पानतावणे सरांनी ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकातून तेच काम किती वर्षं चालवलं. जुन्या काठीनं मोजलं तर दलित लेखकाची कविता ओबडधोबडच दिसणार, म्हणून त्यांनी लिहिणारेही घडवले आणि वाचणारेही. मराठवाड्यात समीक्षेला कमी लेखू नये एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं. नव्वदी ओलांडलेल्या सुधीर रसाळ सरांना २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो समीक्षेच्याच पुस्तकासाठी. त्या दिवशी बाबांनी पेढे आणले होते, जणू घरातल्याच कुणाला मिळाला.

आता तुला न आवडणारं लिहिते. नाटकात काम करणाऱ्या त्या नव्या मुलीबद्दल तू लिहिलंस, ‘तिचं मराठी ऐकून एसटी कुठल्या गावाहून सुटली ते कळतं.’ हे वाक्य तू गाळायला हवं होतंस. मैत्रीण दुखावली ती याच वाक्यानं, माझी खात्री आहे. तू मुंबईला गेलीस त्या पहिल्या महिन्यात ‘का’ऐवजी आपलं ‘काहून’ म्हणालीस म्हणून वर्ग हसला होता. तेव्हा तू मला फोन केला होतास आणि असंच रडली होतीस. पात्र गिरगावात वाढलेलं असेल आणि उच्चार परभणीचे येत असतील, तर ती उणीव आहे, ती लिही. कुठल्या प्रवेशात, कुठल्या शब्दावर, तेही लिही, म्हणजे तिला तालीम करता येईल. माझ्या प्राध्यापकांनी मला क्रियापद म्हणून सांगितलं होतं. माझं गाव काढलं नव्हतं. एसटीच्या वाक्यावर वाचणारे हसले असतील, पण त्यातून त्या मुलीनं उद्या सकाळी नेमकं काय सुधारायचं?

नरहर कुरुंदकरांचं एक पत्र आहे. रणजित देसाईंना लिहिलेलं, पुढे ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून तेच छापलं गेलं. आपल्या कपाटात आहे, आली की वाच. मित्राला लिहिलेलं पत्र, पण कुठे भिडेपोटी हात आखडलेला नाही. पुरावा काय सांगतो, दंतकथा कुठे सुरू होते, कादंबरीकारापुढची खरी अडचण कोणती, सगळं सविस्तर, आणि पानापानातून दिसतं की या माणसाला समोरच्याची कादंबरी चांगली व्हायला हवी आहे. कुरुंद्यासारख्या खेड्यातून आलेला, नांदेडच्या कॉलेजात शिकवणारा हा माणूस सगळ्या महाराष्ट्राशी बरोबरीनं वाद घालत होता. १० फेब्रुवारी १९८२ ला इथेच, औरंगाबादच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले. पन्नाशीही झाली नव्हती. आम्ही कॉलेजातली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात नुसती बसून होतो, सरांनीही शिकवलं नाही.

मैत्रिणीला फोन करू नकोस. फोनवर पुन्हा भांडण होईल. पत्र लिही, एसटीच्या वाक्याबद्दल सरळ माफी माग. दुसऱ्या अंकाबद्दल मात्र मागू नकोस, संडासाबद्दल तर अजिबात नाही.

आणि त्या मुलीचं नाव तू लेखात कुठेच दिलेलं नाहीस, ते मला कळव. पुढच्या महिन्यात त्या नाटकाचा प्रयोग इथे लागला आहे. मी बाल्कनीचं तिकीट काढणार आहे. तिचं शेवटपर्यंत ऐकू आलं की नाही ते तुला लिहीन.

तुझी,
आई