बोली लावण्याआधी टपालखर्च सांगा : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : ऑनलाइन लिलाव संपल्यावर सांगितला जाणारा ‘शिपिंग’ खर्च

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जुनी नाणी जमवतो. शिवराया, अंकुशी रुपये, संस्थानांचे पैसे, असला छंद. पूर्वी ही खरेदी नाण्यांच्या प्रदर्शनात, जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे बसून व्हायची. आता ती बहुतेक मोबाईलवर होते, आणि तीही लिलावात. नाणीच नव्हे, टपाल तिकिटे, जुनी पुस्तके, फाउंटन पेन, ग्रामोफोनच्या तबकड्या, सगळ्यांचेच तसे झाले आहे. वेबसाइटवर, फेसबुकच्या ग्रुपवर, व्हॉट्सॲपवर रोज रात्री लिलाव चालू असतात. या लिलावांतल्या एका गोष्टीबद्दल हे पत्र आहे. ती दिसायला किरकोळ आहे आणि किरकोळ आहे म्हणूनच वर्षानुवर्षे कुणी तिच्याकडे बघितलेले नाही.

लॉटखाली, म्हणजे एका बोलीला लावलेल्या मालाखाली, नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो असतात, वजन असते, अवस्था लिहिलेली असते, सुरुवातीची बोली आणि लिलाव किती वाजता बंद होणार ते असते. आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द : ‘शिपिंग एक्स्ट्रा’. किती एक्स्ट्रा, कशाचे, कोणत्या हिशेबाने, याचा पत्ता नाही. बोली संपते, आपण जिंकतो, आणि सकाळी मेसेज येतो की अमुक इतके यूपीआय करा, त्यात शिपिंग धरले आहे.

मध्यंतरी मी एकाच विक्रेत्याकडून तीन लॉट घेतले. तांब्याची साधीच नाणी, कुठलेच दोनशेच्या वर गेले नाही. शिपिंग लावले दर लॉटला १५० रुपये, म्हणजे ४५०. नाणी आली ती एकाच पाकिटात : प्रत्येक नाणे प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये, वरखाली खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे, भोवती चिकटपट्टी. पाकिटावर पोस्टाचे छापील स्टिकर होते. त्यावर वजन ४६ ग्रॅम आणि टपालखर्च ५५ रुपये काही पैसे. विचारले तर उत्तर आले, ‘सर, शिपिंग पर लॉट असतं. ग्रुपचा रूल आहे.’ हा रूल लॉटखाली कुठेही लिहिलेला नव्हता.

आता यात सरकारने काय करायचे, असा प्रश्न आपल्या अधिकाऱ्यांना पडेल. महाग वाटले तर घेऊ नका, संपले. दुकानाच्या बाबतीत ते चालते. ऑनलाइन दुकानात ठरलेल्या किमतीची वस्तू घेताना पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावर डिलिव्हरीचा आकडा दिसतो. नको असेल तर माणूस मागे फिरतो. लिलावात मागे फिरता येत नाही. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम ६४ सांगते की हातोडा पडला, किंवा रिवाजाप्रमाणे तसे जाहीर झाले, की विक्री पूर्ण झाली. बोली मागे घ्यायची ती त्याच्या आधी. ऑनलाइन लिलावात घड्याळ शून्यावर येणे हाच हातोडा. म्हणजे ग्राहक बांधला जातो आधी आणि खर्च कळतो नंतर. त्यातून कुणी पैसे द्यायला नकार दिला तर ग्रुपवर त्याच्या नावासमोर ‘नॉन पेइंग बायर’ लागते आणि दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून बाहेर असतो. नाणेवाल्यांचे जग लहान आहे. ४५० रुपयांसाठी कुणी नाव खराब करून घेत नाही, मुकाट्याने भरतो.

शिवाय बोली हीच मुळात वजाबाकी आहे. एखाद्या नाण्याला माझ्या लेखी सगळे धरून ५०० रुपये मोल असेल, तर शिपिंग ६० असताना मी ४४० पर्यंत जाईन आणि १५० असताना ३५० वर थांबेन. शिपिंगच माहीत नसेल तर मी आंधळेपणाने बोली लावतो. यात नुकसान फक्त माझे होत नाही. जो विक्रेता प्रामाणिकपणे ‘शिपिंग ६० रुपये, कितीही लॉट घ्या’ असे लिहितो त्याच्याकडे लोक तो आकडा वजा करून बोली लावतात. जो काहीच लिहीत नाही त्याच्याकडे तो आकडा विसरून. खरे सांगणाऱ्याला कमी बोली मिळते. अशी व्यवस्था चालू दिली तर खरे सांगणारे कमीच होत जाणार.

आपल्या घरचा लिलाव बघा. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा हमाली किती, तोलाई किती, ती कुणाच्या माथी, हे पुकारा होण्याआधी ठरलेले असते आणि हिशोबपट्टीवर वेगळे लिहावे लागते. २०१६ साली महाराष्ट्रात आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, त्यावर केवढे रणकंदन झाले. पण झाले ते उघड्यावर, आकड्यांसह. बाजार समित्यांचा कारभार आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. तरी वजन झाल्यावर ‘हमाली एक्स्ट्रा, नंतर सांगतो’ असे तिथे कुणी म्हणून दाखवावे.

विक्रेते यावर म्हणतात की घेणारा कुठला आहे हे आधी माहीत नसते, मग टपालखर्च आधी कसा सांगणार? हे म्हणणे ऐकायला रास्त वाटते, पण टपाल खात्याचे दरपत्रक उघडले की टिकत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि १ ऑक्टोबरपासून नवे दर आले. ५० ग्रॅमपर्यंत दोनच दर आहेत : त्याच गावात १९ रुपये आणि बाकी सगळ्या देशात ४७. सांगलीहून साताऱ्याला पाठवा नाहीतर गुवाहाटीला. वर १८ टक्के जीएसटी. रजिस्ट्रेशन, म्हणजे ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात देणे, हवे असेल तर आणखी ५ रुपये आणि त्यावरचा कर. ५१ ते २५० ग्रॅमला अंतराप्रमाणे दर बदलतात खरे, पण २००० किलोमीटरच्या पुढचा सगळ्यात मोठा दरही ७७ रुपये आहे. नाण्याचे वजन विक्रेत्याने स्वतःच लॉटखाली दशांशापर्यंत लिहिलेले असते. मग ‘टपालखर्च जास्तीत जास्त इतका’ एवढे लिहायला अडचण कसली? तीन किलोचा पितळी कंदील विकणाऱ्याला थोडे जड जाईल, त्याला वजन आणि दराचा हिशेब लिहू द्या. पण पाकिटात मावणाऱ्या मालाला कसलीच सबब नाही.

हे दुखणे जुने आहे आणि जगभरचे आहे. भारतात सुरुवातीच्या काळात ऑनलाइन लिलाव चालवणारी एक साइट म्हणजे बाझी; २००४ साली ईबे या अमेरिकी लिलाव कंपनीने ती विकत घेतली, आणि ईबेची भारतातली साइट १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. त्या काळातले संग्राहक तिला नावे ठेवत ठेवत अजून तिची आठवण काढतात, कारण तिथे निदान शिपिंगसाठी एक वेगळा रकाना होता. तिकडे अमेरिकेत ईबेवर काही विक्रेते वस्तूची किंमत चिल्लर ठेवायचे आणि खरी किंमत शिपिंगमध्ये लावायचे, कारण कंपनीचे कमिशन फक्त किमतीवर लागे. २०११ मध्ये ईबेने कमिशन शिपिंग धरून झालेल्या एकूण रकमेवर घ्यायला सुरुवात केली आणि त्या चलाखीतला नफाच गेला. फौजदारी नाही, दंड नाही. हिशेबाची एक ओळ बदलली. आपल्याकडे ज्या साइट नुसत्या बोलीच्या रकमेवर कमिशन घेतात, तिथे शिपिंग फुगवण्याचे हे आमिष जसेच्या तसे शिल्लक आहे.

आता आपल्या खात्याच्या नियमांकडे येतो. ते वाईट नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये लिहिले आहे की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि तिची फोड द्यावी, त्यात डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर सगळे दाखवावे. लिलावात एकूण किंमत आधी माहीत नसते, म्हणून ‘एका आकड्यात’ची अट तिथे लंगडी पडते आणि तिच्याबरोबर फोडही गुंडाळली जाते. वास्तविक लिलावात न ठरलेली गोष्ट एकच : बोली. बाकी सगळे ठरवता येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत, आणि ड्रिप प्राइसिंगच्या, म्हणजे किंमत थोडी थोडी करून उघड करण्याच्या, व्याख्येत खरेदी पक्की झाल्यावर किंमत उघड करणे हे चक्क आले आहे. लिलावातले शिपिंग म्हणजे याचा धडधडीत नमुना. पण त्याच ठिकाणी एक परंतुक आहे : तिसऱ्या पक्षाच्या विक्रेत्याने किंमत उघड केली नाही म्हणून फरक पडला असेल, तर त्यापुरती मार्केटप्लेस कंपनी, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकायला जागा देणारी साइट, जबाबदार नाही. ठरलेल्या किमतीच्या दुकानात हे समजू शकते. लिलावात मात्र बोलीचा फॉर्म कंपनीचा, घड्याळ कंपनीचे, जिंकल्याचा मेसेज कंपनीचा. शिपिंगचा रकाना भरल्याशिवाय लॉट चढणारच नाही एवढी सोय करणे तिच्या प्रोग्रॅमरचे एका दुपारचे काम आहे. ते न करता ती परंतुकाआड बसू शकते. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सगळ्या प्लॅटफॉर्मना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले होते. माझ्या ओळखीच्या लिलावाच्या साइटवर ‘शिपिंग एक्स्ट्रा’ त्यानंतरही जिथल्या तिथे आहे.

दुसरी पळवाट नियमांतल्या सवलतीची. व्यक्तिगत नात्याने, धंदा म्हणून नव्हे असे काही विकणाऱ्या माणसाला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. आजोबांचा तिकिटांचा अल्बम एकदा विकणाऱ्याला ही सूट हवीच. त्याच्यामागे कायदा लावावा असे कुणाला वाटेल? पण ग्रुपवर आठवड्याला पन्नास लॉट लावणारा, स्वतःच्या नावाचे लोगो असलेले फोटो टाकणाराही ‘आम्ही छंद म्हणून करतो’ असे सांगून याच सवलतीत शिरतो. नियमात ‘नियमित किंवा पद्धतशीर’ हे शब्द आहेत. लिलावापुरते त्यांचे स्पष्टीकरण काढायला संसद लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

विक्रेत्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पुठ्ठा, होल्डर, पाकीट, चिकटपट्टी यांना पैसे पडतात. पोस्टात रांगेत उभे राहावे लागते, सर्व्हर बंद असला तर परत जावे लागते. त्या कष्टाचे २० घ्या, ५० घ्या, आणखी घ्या. ते ‘पॅकिंग व हाताळणी’ म्हणून आधी लिहा, ज्याला परवडेल तो बोली लावेल. म्हणूनच शिपिंगवर सरकारने कमाल मर्यादा घालावी ही काही संग्राहकांची मागणी मला मान्य नाही. मर्यादा घातली की सगळेजण मर्यादेइतकेच लावतील.

आणखी एक गोष्ट, जी रकमेपेक्षा गंभीर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या ऑनलाइन व्यवहारात काही लोक बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन, कर मागत आहेत, आणि बँक असले काही मागत नाही. हे भामटे यशस्वी का होतात? कारण सौदा झाल्यावर ‘अजून एवढे पाठवा’ हा मेसेज या बाजारात रोजचा आहे. खरा विक्रेताही तोच पाठवतो. भामट्याचा मेसेज वेगळा ओळखू यायचा कसा?

तक्रारीचे मार्ग आहेत, हे मला माहीत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि २०१९च्या कायद्यामुळे आपल्या राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते. पण तीनशे-चारशे रुपयांसाठी तारखा कोण मोजत बसणार? म्हणून हे आधीच्या टप्प्यावर सुटले पाहिजे.

माझे मागणे एवढेच की लिलावासाठी ई-कॉमर्स नियमांत एक पोटनियम घालावा. पहिली बोली पडण्याआधी लॉटखाली टपालखर्चाचा आकडा किंवा कमाल आकडा हवा, आणि हाताळणी घेणार असाल तर ती वेगळी. जे लिहिले नाही ते शून्य धरावे. यातली सगळी ताकद या वाक्यात आहे, ते मसुद्यातून गळू देऊ नका. एका विक्रेत्याचे अनेक लॉट एका पाकिटात गेले तर टपालखर्च एकदाच. ‘प्रत्यक्ष खर्च’ असे लिहिणाऱ्याने पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवावा, कारण पावती त्याच्या हातात असतेच. आणि डार्क पॅटर्नच्या तत्त्वांतले ते परंतुक, बोली स्वतःच्या प्लॅटफॉर्मवर घेणाऱ्या कंपन्यांना लागू नाही असे एका ओळीत जाहीर करावे.

मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला कराल तेव्हा तो मराठीतही द्यावा. नाणी-तिकिटांच्या ग्रुपवर तो मी स्वतः टाकीन, आणि विक्रेत्यांच्या हरकतीही तितक्याच इमानाने आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक नाणेसंग्राहक
पुणे