फाळा कारखान्याचा, दाखला घराचा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या घरावर नोटीस चिकटवण्यात आली. खालच्या मजल्यावर मी दोन यंत्रमाग चालवतो. हा निवासी विभागातील अनधिकृत औद्योगिक वापर असून तो सात दिवसांत बंद न केल्यास मागांना कुलूप ठोकण्यात येईल, असे तीत म्हटले आहे. मागच्या निवडणुकीत याच गल्लीत उभे राहून एका पुढाऱ्यांनी विणकरांच्या वस्त्या नियमित करून देण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दाचे काय झाले, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 350 ने दिला असल्यामुळे, मराठीत आहे म्हणून तरी ते बाजूला पडू नये.

शहराच्या विकास आराखड्यात आमची गल्ली पिवळी, म्हणजे निवासी आहे. उद्योगाचा जांभळा रंग उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीच्या वाट्याला गेला. रंग भरणारे साहेब वडगाव, खासबाग, शहापूर या भागांतून एकदा जरी पायी फिरले असते, तरी इथे माग आणि माणसे एकाच छपराखाली राहतात, हे त्यांना डोळे मिटूनही कळले असते. 1961 चा नगररचना कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे साड्या विणल्या जात आहेत. वडिलांच्या काळात हातमाग होते, पुढे त्या जागी यंत्रमाग आले, घर मात्र तेच राहिले. गल्ली आधीची आणि नकाशा नंतरचा असताना अनधिकृत आम्ही कसे ठरलो?

त्याहून संताप येतो तो दुटप्पीपणाचा. खालच्या मजल्याचा फाळा माझ्याकडून बिगरनिवासी दराने वसूल होतो, त्याच्या पावत्या माझ्याजवळ आहेत. वीज खात्याच्या दप्तरी मी विणकर आहे, आणि 10 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना मोफत वीज जाहीर करून राज्य सरकारनेच आमच्याकडून टाळ्या घेतल्या आहेत. परवाना मागायला गेलो की मात्र चक्र उलटे फिरते. 1976 च्या महानगरपालिका कायद्याखाली परवाना हवा, परवान्यासाठी भूवापराचा दाखला हवा, आणि दाखल्यावर ‘निवासी’ असा शेरा येतो. पैसे घेताना कारखाना आणि कागद देताना घर, अशी ही सोय आहे.

“मग उद्यमबागेत जा,” असा सल्ला एका अधिकाऱ्यांनी दिला. तिथल्या गाळ्याचे भाडे त्यांनी सांगितले नाही. माझी पत्नी स्वयंपाकातून उसंत काढून कांड्यांवर सूत भरते, तुटलेली उभार, म्हणजे मागावरचे उभे धागे, आई सांधते; माग घराबाहेर गेले, तर या दोघींच्या जागी पगारी माणसे ठेवावी लागतील, आणि साडीमागे हाती पडणाऱ्या मजुरीतून तो पगार निघणे शक्य नाही. 2019 च्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी घरात शिरले, मोटरी जळाल्या, मागाच्या बीमवर, म्हणजे रुळावर गुंडाळलेले सूत कुजले. ते सावरतो तोच 2020 ची टाळेबंदी आली. तेव्हा घरात बसून काम करणे हे देशकार्य होते. आजही संगणकापुढे बसून घरातून काम करणाऱ्याला त्याचा विभाग कोणता, हे कोणी विचारत नाही. माझ्या अंदाजाने या पट्ट्यातील निम्मी घरे तरी मागावर जगतात; त्या सगळ्यांनी कुठे जावे, याचे उत्तर नोटिशीत नाही.

मागाचा आवाज होतो, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादाही आहे. यंत्र घेऊन या, माझ्या भिंतीबाहेर मोजा आणि काय सुधारायचे ते सांगा. तेच यंत्र विसर्जन मिरवणुकीतील डॉल्बीपुढेही एकदा धरावे, एवढीच नम्र सूचना.

निवासी लेआउटमध्ये इस्पितळे उभी राहतात, मंगल कार्यालये उभी राहतात. त्यांना नगररचना कायद्यातील भूवापर बदलाचे कलम 14-अ बरोबर सापडते. 2012 पासून आमच्या शहरात सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत आहे, हिवाळी अधिवेशनाला मंत्र्यांचे ताफे येतात, आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी एका दिवसात अख्ख्या शहराचे नाव बदलून झाले. आमच्या गल्लीचा नकाशावरील रंग बदलायला मात्र शासनाला सवड मिळालेली नाही. सरकार मराठी भाषकांचे असो वा कन्नड भाषकांचे, कष्टकऱ्याच्या अर्जाला सगळीकडे एकच जागा असते, असे आता वाटू लागले आहे. माझ्या शेजारच्या कन्नड विणकराच्या दारावरही तीच नोटीस आहे.

आराखड्यात जुन्या माग-गल्ल्यांना मिश्र वापराचा दर्जा द्यावा. घरातील मागांना परवाना देताना विजेचा भार, आवाज आणि जागा एवढेच निकष लावावेत. तोवर कुलपे लावण्याची कारवाई थांबवावी आणि घरगुती व्यवसायाचे नियम मराठीतही छापून प्रभागात लावावेत. हे होणार नसेल, तर बिगरनिवासी म्हणून आजवर घेतलेला फाळा व्याजासह परत करण्याचा आदेश तरी काढावा.

आपला,
वडगाव, बेळगाव येथील एक यंत्रमाग विणकर