काम सुटल्याचा भत्ता अडतो तो कारखान्याच्या शेवटच्या नोंदीत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जळगावच्या चटई कारखान्यांत, डाळ मिलांत किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाच्या पगारातून ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, पाऊण टक्का कापला जातो. मालक त्यात आपले सव्वातीन टक्के घालतो. हा पैसा दवाखान्यासाठी, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. काम सुटले तर याच विम्यातून भत्ता मिळतो, हे कळते तेव्हा अनेकदा मुदत निघून गेलेली असते.

हा भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली. आरंभी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत. २४ मार्च २०२० पासून ५० टक्के झाले. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. योजना कायमची नाही, महामंडळ तिची मुदत वेळोवेळी वाढवत आले आहे. म्हणून अर्जाआधी ती सध्या चालू आहे ना, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

रक्कम काढताना लोकांचा हिशेब हमखास चुकतो. शेवटचा पगार धरायचा नसतो. विम्यासाठी भरल्या जाणाऱ्या हप्त्याला अंशदान म्हणतात; काम सुटण्याआधीच्या सहा-सहा महिन्यांच्या चार अंशदान कालखंडांतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई घ्यायची आणि तिला ७३० ने भागायचे. महिना १२ हजारांप्रमाणे दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार. भागून आले रोजचे ३९४ रुपये ५२ पैसे, त्याचे निम्मे १९७ रुपये २६ पैसे, आणि ९० दिवसांचे साधारण १७ हजार ७५३ रुपये. मध्ये तीन महिने मशीन बंद होते म्हणून पगार नव्हता, तरी भागायचे ७३० नेच. त्यामुळे हाती येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसते. ती कुणी खाल्लेली नसते.

पात्रतेसाठी काम सुटण्याआधी किमान दोन वर्षे विम्याची नोकरी लागते. अंशदानाचे कालखंड दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगतच्या आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे, आणि त्याआधीच्या तिघांपैकी एकात आणखी ७८ दिवसांचे. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढून देण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. मग ४० दिवस एका क्रमांकावर, ५० दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणूस अपात्र! क्रमांक एकच ठेवायचा, आधार त्यालाच जोडायचा. दोन झाले असतील तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन ते एकत्र करून घ्यायचे. हे काम नोकरी चालू असतानाच उरकावे.

शाखेच्या खिडकीवर एकच सवाल ऐकू येतो, "पैसा कवय येतीन?" म्हणजे पैसे कधी येतील? बहुतेक वेळा त्याचे उत्तर कारखान्याच्या दप्तरात असते. मालक दर महिन्याचे अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो. त्यासाठी महामंडळाच्या पोर्टलवर भरायच्या मासिक विवरणात ज्या कामगाराचे कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे यादीतून कारण निवडावे लागते : रजेवर, काम सोडले, निवृत्त, काम नाही, कामगार कपात वगैरे. हे काम बहुधा बाहेरचा सल्लागार करतो. पन्नास कारखान्यांचे विवरण एका बैठकीत उरकताना तो सरसकट 'रजेवर' टाकतो, किंवा शेवटच्या कामाची तारीखच भरत नाही. पोर्टलच्या लेखी माणूस नोकरीतच राहतो आणि दावा पुढे सरकत नाही. गैरवर्तनासाठी काढलेला, निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार या भत्त्याला पात्र नसतो, त्यामुळे चुकीचे कारण भलतेच महागात पडते. काम सुटले की पुढच्या महिन्याच्या १५ नंतर आपल्या लॉगिनमध्ये तारीख आणि कारण उघडून पाहावे. चूक असेल तर मालकाला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी सांगण्याला पुढे कुणी विचारत नाही.

दावा काम सुटल्यापासून ३० दिवसांनी करता येतो आणि वर्षाच्या आत करावा लागतो. पुढच्या महिन्यांचे पैसे आगाऊ मागता येत नाहीत. मध्येच नवी नोकरी लागली तर तिथपर्यंतचेच मिळतात. पूर्वी दावा शेवटच्या मालकामार्फत जात असे. २०२० पासून कामगार तो थेट करतो : पोर्टलवर भरायचा, कागदपत्रे अपलोड झाली नसतील तर प्रिंटवर सही करून आधार आणि पासबुकाच्या प्रतीसह शाखेत द्यायचा. प्रतिज्ञापत्राची अट त्याच वर्षी काढली गेली. तरी ते करून देतो म्हणणारा टायपिस्ट भेटलाच, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

मंजूर झालेला पैसा खात्यावर न पोहोचण्याची कारणे साधी असतात. देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले; जुन्या पासबुकाची झेरॉक्स जोडली की रक्कम परत जाते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. आधारवर 'भाऊसाहेब', विम्यात नुसते 'भाऊ', हेही पुरते. अर्जाआधी बँकेत जाऊन खाते चालू करून घ्यावे आणि नवे पासबुक छापून घ्यावे.

दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याचे महामंडळाने ठरवले आहे. ते उलटले तर आधी शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज, मग १८००-११-२५२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार. तरीही कारण कळले नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारावे : दावा कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या त्रुटीसाठी थांबला आहे. उत्तराला ३० दिवसांचे बंधन आहे.

कारखाना कायमचा बंद झाला किंवा कायद्याने कामगार कपात झाली असेल, तर २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी विचारावी. तिच्यात पहिले १२ महिने सरासरी मजुरीच्या निम्मे आणि पुढचे १२ महिने पाव मिळते.

आपल्या भागातल्या जिनिंगच्या मजुरांना मात्र यातले काहीच नाही. फक्त सरकी काढणे आणि गाठी बांधणे एवढेच करणारा कारखाना कायद्यात 'हंगामी' ठरतो आणि विम्याबाहेर राहतो. साखर कारखान्यांचेही तसेच. कापसाचा हंगाम संपल्यावर हीच माणसे सर्वांत आधी रिकामी होतात.

महामंडळाकडे मागणी एकच : दावा परत करताना त्रुटी मराठीत, लेखी आणि एकाच वेळी कळवावी. औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजक संघटनांनीही आपल्या सल्लागारांना एवढे बजावावे, की कामगार सुटला त्या महिन्याच्या विवरणात तारीख आणि खरे कारण भरल्याशिवाय ते पुढे पाठवू नका.

आपले,
कामगार विम्याच्या दाव्यांसाठी मदत करणारे काही वाचक,
जळगाव–धुळे